क्लाउड गेमिंग हे घरगुती गेम कन्सोलला पर्याय ठरू शकेल काय? : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा :

खेळ चालविणारे शक्तिशाली यंत्र घरात न ठेवता दूरच्या सर्व्हरवर ठेवायचे आणि त्यातील चित्र व ध्वनी इंटरनेटद्वारे पडद्यावर आणायचे, या पद्धतीस क्लाउड गेमिंग म्हणतात. या पद्धतीमुळे घरगुती गेम कन्सोल कालबाह्य होतील, असे भाकीत गेली सुमारे पंधरा वर्षे वारंवार केले जात आहे. प्रस्तुत लेखात या भाकिताची तांत्रिक, आर्थिक व सामाजिक अंगांनी तपासणी केली असून परभणीसारख्या प्रामुख्याने ग्रामीण जिल्ह्यात या प्रश्नाचे स्वरूप कसे बदलते, याचे विवेचन केले आहे. अंतरामुळे होणारा विलंब ही येथील मुख्य अडचण नसून शेवटच्या टप्प्यातील जोडणीची अस्थिरता, डेटाची दैनिक मर्यादा आणि मालकीहक्काचा अभाव या खऱ्या अडचणी आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : क्लाउड गेमिंग, गेम कन्सोल, विलंब, ब्रॉडबँड, मालकीहक्क, परभणी.

प्रस्तावना :

संगणकशास्त्राच्या अभ्यासकांना 'क्लाउड' ही संज्ञा आता नवी राहिलेली नाही. महाविद्यालयीन कार्यालयातील कागदपत्रे, विद्यार्थ्यांचे ई-मेल, ऑनलाईन परीक्षांच्या उत्तरपत्रिका या सर्व गोष्टी दूरच्या डेटा सेंटरमध्ये साठविल्या जातात. चित्रपट आणि संगीत यांच्या बाबतीतही हेच घडले. कॅसेट, सी.डी. आणि डी.व्ही.डी. यांची दुकाने आपल्या डोळ्यांदेखत बंद झाली. मग व्हिडिओ गेमच्या बाबतीतही तसेच का घडू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा आहे, असे समजून त्याकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आहे. खेळनिर्मिती हे रोजगाराचे क्षेत्र म्हणून पुढे येत आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने तयार केलेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय कन्सोलवर प्रसिद्ध झाला, हे उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. परभणी, जिंतूर किंवा गंगाखेड येथील विद्यार्थ्याला या क्षेत्रात जायचे असेल, तर उच्च दर्जाचे खेळ त्याच्या हाती कोणत्या मार्गाने आणि किती खर्चात येतील, हा प्रश्न शैक्षणिक संधीचा ठरतो. शिवाय दूरस्थ प्रयोगशाळा आणि क्लाउडवरील ग्राफिक्स सॉफ्टवेअर यांचे तंत्रही हेच आहे. त्यामुळे येथे लागू होणारे निकष अध्यापनाच्या क्षेत्रातही उपयोगी पडतात.

उद्दिष्टे :

१. क्लाउड गेमिंगची कार्यपद्धती सर्वसाधारण अध्यापकवर्गास समजेल अशा रीतीने स्पष्ट करणे.
२. या तंत्राच्या आजवरच्या यशापयशाचा आढावा घेणे.
३. परभणी जिल्ह्याच्या परिस्थितीत विलंब, डेटा व खर्च यांचा हिशेब मांडणे.
४. कन्सोल आणि क्लाउड यांच्यातील मालकीहक्काच्या फरकाचा विचार करणे.

क्लाउड गेमिंगची कार्यपद्धती :

कन्सोलमध्ये खेळाचे सॉफ्टवेअर, ते चालविणारा प्रोसेसर आणि चित्र रेखाटणारी ग्राफिक्स चिप या तिन्ही गोष्टी एकाच पेटीत असतात. खेळाडूने बटण दाबले की ही पेटी पुढील चित्र तयार करून ते तारेने दूरदर्शन संचाकडे पाठविते. क्लाउड गेमिंगमध्ये ही पेटी डेटा सेंटरमध्ये असते. खेळाडूची आज्ञा इंटरनेटवरून तेथे जाते, तेथे चित्र तयार होते, ते व्हिडिओच्या रूपात दाबून लहान केले जाते, परत पाठविले जाते, घरातील फोन किंवा दूरदर्शन संच ते उलगडतो आणि मग ते पडद्यावर दिसते. एका सेकंदात हे चक्र साधारणतः साठ वेळा पूर्ण व्हावे लागते.

येथे चित्रपट पाहणे आणि खेळ खेळणे यांतील भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. चित्रपट आधीच तयार असतो. त्यामुळे पाहणारा पहिला मिनिट पाहत असताना पुढील मिनिटाचा भाग अगोदरच उतरवून घेता येतो, आणि मध्येच जोडणी काही क्षण खंडित झाली तरी प्रेक्षकाच्या ते लक्षातही येत नाही. खेळाच्या बाबतीत पुढचे चित्र खेळाडूने बटण दाबल्याशिवाय अस्तित्वातच येत नाही. ध्वनिमुद्रित गाणे ऐकणे आणि तमाशाच्या फडावर सवाल-जवाब रंगणे यांत जो फरक, तोच येथे आहे. सवालाला जवाब तत्काळ आला नाही तर रंग जातो. म्हणूनच ज्या जोडणीवर चित्रपट उत्तम चालतो, त्याच जोडणीवर खेळ अडखळतो, हा अनुभव अनेकांना येतो आणि त्याचे कारण उमगत नाही.

आर्थिक दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. एकच चित्रपट एकाच साठ्यातून हजारो घरी पाठविता येतो. खेळ मात्र प्रत्येक खेळाडूसाठी स्वतंत्रपणे चालवावा लागतो. रात्री नऊच्या सुमारास सर्वजण एकाच वेळी खेळू लागले, तर तितक्या प्रमाणात ग्राफिक्स चिप सज्ज ठेवाव्या लागतात, आणि पहाटे त्या रिकाम्या पडून राहतात. या व्यवसायातील तोट्याचे एक मूळ कारण येथे आहे.

ऐतिहासिक आढावा :

ही कल्पना अलीकडची नाही. फिनलंडमधील जी-क्लस्टर या कंपनीने २००० सालीच अशा तंत्राचे प्रात्यक्षिक दाखविले होते. अमेरिकेत जून २०१० मध्ये ऑनलाईव्ह ही सेवा मोठ्या गाजावाजाने सुरू झाली. त्या वेळी कन्सोलचा काळ संपला, असे अनेकांनी लिहिले. प्रत्यक्षात ३० एप्रिल २०१५ रोजी ऑनलाईव्हच बंद पडली आणि तिचे पेटंट सोनी कंपनीने विकत घेतले. सोनीने त्यापूर्वी २०१२ मध्ये गायकाय ही दुसरी क्लाउड कंपनी ३८ कोटी डॉलरला घेतली होती. म्हणजेच ज्या कंपनीचा धंदा या तंत्राने बुडणार असे सांगितले जात होते, तिनेच हे तंत्र आपल्या पदरी बांधून घेतले.

यानंतरचे सर्वांत मोठे उदाहरण गुगलच्या स्टेडिया या सेवेचे आहे. ती १९ नोव्हेंबर २०१९ रोजी चौदा देशांत सुरू झाली. भारताचा त्यांत समावेश नव्हता. गुगलजवळ भांडवल, डेटा सेंटर व तंत्रज्ञ यांची वानवा नव्हती. तरीही १८ जानेवारी २०२३ रोजी ती बंद झाली. तांत्रिकदृष्ट्या ती फसली नव्हती. मात्र ग्राहकाला खेळ स्वतंत्रपणे पूर्ण किमतीला विकत घ्यावे लागत आणि घेतल्यावरही ते अन्यत्र चालत नसत. गुगलने आपल्याकडून विकल्या गेलेल्या खेळांचे व उपकरणांचे पैसे परत केले, ही गोष्ट मान्य केली तरी ग्राहकाजवळचा खेळ नाहीसा झाला, हे सत्य उरतेच.

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२० मध्ये बावीस देशांत आपली सेवा सुरू केली. या सेवेचे महत्त्व इतके मानले गेले की ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कंपनी विकत घेण्याचा मायक्रोसॉफ्टचा व्यवहार ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने एप्रिल २०२३ मध्ये नेमक्या क्लाउड गेमिंगच्या कारणावरून रोखला. क्लाउडचे हक्क युबीसॉफ्ट या कंपनीकडे सोपविल्यानंतरच ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास संमती मिळाली.

भारतात रिलायन्स जिओने २०२२ मध्ये जिओगेम्सक्लाउड ही सेवा प्रायोगिक स्वरूपात आणली. जानेवारी २०२५ मध्ये एन्व्हिडिया कंपनीने आपली जीफोर्स नाऊ ही सेवा भारतात आणण्याची घोषणा केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग ही सेवा भारतात अधिकृतपणे उपलब्ध झाली. याचा अर्थ असा की, जगात या विषयाची चर्चा पंधरा वर्षांची असली तरी आपल्याकडे ती आता कोठे प्रत्यक्ष अनुभवाच्या पातळीवर आली आहे.

याच काळात कन्सोलचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. निन्टेन्डोचे स्विच २ हे यंत्र जून २०२५ मध्ये बाजारात आले आणि सप्टेंबर २०२५ अखेरपर्यंत त्याची एक कोटीहून अधिक विक्री झाली. मरणपंथाला लागलेल्या वस्तूची ही लक्षणे नव्हेत.

परभणी जिल्ह्याची पार्श्वभूमी :

परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा व पालम असे नऊ तालुके आहेत. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ असून तीत नागरी लोकसंख्येचा वाटा एकतृतीयांशाहून कमी आहे. अर्थव्यवस्था मुख्यतः कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी यांवर उभी आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठामुळे परभणी शहरास शैक्षणिक महत्त्व प्राप्त झाले आहे.

अशा जिल्ह्यात 'क्लाउड कन्सोलची जागा घेईल काय' हा प्रश्न जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण घरगुती कन्सोल येथील बहुसंख्य घरांत कधी आलाच नाही. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मराठवाड्यातील गावांत जो 'टीव्ही गेम' आला, तो जपानी यंत्राची स्वस्त नक्कल होता. त्याची कॅसेट मित्रामित्रांत फिरत असे. शहरांत तासाच्या दराने खेळावयास मिळणारी व्हिडिओ गेमची दुकाने व पुढे सायबर कॅफे आले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि खेळ थेट मोबाईल फोनवर आला. म्हणजे येथील मुलांनी कन्सोलची पायरी गाळून पुढची पायरी गाठली. ज्या घरांत लँडलाईन फोन कधी नव्हता, तेथे थेट मोबाईल आला, त्यासारखाच हा प्रकार आहे. म्हणून परभणीच्या संदर्भात खरा प्रश्न असा मांडावा लागतो : जी दर्जेदार खेळसृष्टी कन्सोलच्या किमतीमुळे येथवर पोहोचली नाही, ती क्लाउडमार्गे पोहोचेल काय?

विलंबाचा हिशेब :

बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत जो वेळ जातो, त्यास विलंब म्हणतात. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. 'मुंबई दूर आहे, म्हणून परभणीला हे जमणार नाही' अशी एक समजूत आढळते. ती तपासून पाहू.

काचतंतूमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर अंतर कापतो. परभणी ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ४१० किलोमीटर आहे. प्रत्यक्ष तार वळणावळणाने जाते, म्हणून ते ६०० किलोमीटर धरले, तरी जाऊन-येऊन १,२०० किलोमीटरसाठी केवळ ६ मिलिसेकंद लागतात. हैदराबाद तर सरळ रेषेत २८० किलोमीटरच्या आत आहे. साठ चित्रे प्रतिसेकंद या गतीने एका चित्राचा अवधी १६.७ मिलिसेकंद असतो. तात्पर्य, अंतराचा भुर्दंड एका चित्राच्या अवधीहूनही कमी आहे. भूगोल येथे परभणीच्या आड येत नाही.

मग विलंब कोठे होतो? वाटेतील प्रत्येक राउटरवर, मोबाईल टॉवरवरील रांगेत आणि घरातील वाय-फायमध्ये. चांगल्या फायबर जोडणीवर जाऊन-येऊन २० ते ३० मिलिसेकंद लागतात असे धरू. त्यात खेळाची गणना व चित्ररेखनासाठी ३३ ते ५०, चित्र दाबण्यासाठी ५ ते १०, उलगडण्यासाठी ५ ते १० आणि दूरदर्शन संचावर उमटण्यासाठी १० ते ३० मिलिसेकंद मिळविल्यास एकूण विलंब सुमारे ७३ ते १३० मिलिसेकंद होतो. कन्सोलवर गणना, चित्ररेखन व पडदा हे घटक तसेच राहतात. हातातील कंट्रोलरचे सुमारे ५ मिलिसेकंद धरून तेथील एकूण विलंब ४८ ते ८५ येतो. म्हणजे उत्तम जोडणीवर दोहोंतील फरक २५ ते ४५ मिलिसेकंदांचा आहे. बुद्धिबळ, कोडी, कथाप्रधान खेळ किंवा शेतीचे अनुकरण करणारे खेळ यांत हा फरक जाणवत नाही. क्रिकेटच्या खेळात फटक्याची वेळ साधताना तो किंचित जाणवतो. नेमबाजी आणि द्वंद्व यांच्या स्पर्धात्मक खेळांत मात्र तोच निर्णायक ठरतो.

मोबाईल जोडणीवर जाऊन-येऊन ५० ते १०० मिलिसेकंद लागणे असामान्य नाही, आणि याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे हा आकडा स्थिर राहत नाही. विलंब सतत ८० मिलिसेकंद असेल, तर हात त्यास सरावतो. तो एका क्षणी ४० आणि दुसऱ्या क्षणी २०० होऊ लागला, तर कोणताही सराव उपयोगी पडत नाही. संध्याकाळी गावातील सर्व फोन एकाच टॉवरवर येतात, तेव्हा नेमके हेच घडते. वेगाची जाहिरात सर्व कंपन्या करतात. स्थिरतेची जाहिरात कोणी करीत नाही, आणि क्लाउड गेमिंगला स्थिरताच हवी असते.

ब्रॉडबँडची व्याख्या आणि डेटाचे गणित :

केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान गती ५१२ के.बी.पी.एस. वरून २ एम.बी.पी.एस. केली. क्लाउड गेमिंगसाठी किमान १० एम.बी.पी.एस. आणि मोठ्या पडद्यावर समाधानकारक चित्रासाठी २० ते २५ एम.बी.पी.एस. गती लागते. म्हणजे एखादे गाव कागदोपत्री ब्रॉडबँडने जोडलेले असूनही या उपयोगासाठी पाचपटीने अपुरे असू शकते. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याचा केंद्राचा प्रकल्प ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाला. पुढे त्यास भारतनेट हे नाव मिळाले आणि महाराष्ट्रात त्याचा दुसरा टप्पा महानेट या नावाने राबविला गेला. परंतु तार ग्रामपंचायतीच्या कार्यालयात पोहोचणे आणि ती वाडी-वस्तीवरील घरात पोहोचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

डेटाचे गणित आणखी स्पष्ट आहे. १० एम.बी.पी.एस. गतीने एका तासात ४.५ जी.बी. डेटा खर्च होतो. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांजवळ दिवसाला २ जी.बी. देणारा मोबाईल पॅक असतो. तो या गतीने २६ मिनिटे ४० सेकंदांत संपतो. त्यानंतर त्या दिवशी त्याला अभ्यासाचा व्हिडिओही धड पाहता येत नाही. ठरावीक मर्यादेचा मोबाईल डेटा हा क्लाउड गेमिंगचा पाया होऊ शकत नाही, हे एवढ्या गणितावरूनच सिद्ध होते. अमर्याद ५-जी डेटाच्या योजनेत हा अडसर दूर होतो, पण त्यासाठी तसा फोन, तसा पॅक आणि तसा टॉवर, तिन्ही लागतात.

फायबर जोडणीची परिस्थिती वेगळी आहे. २० एम.बी.पी.एस. गतीने रोज दोन तास खेळल्यास दिवसाला १८ आणि महिन्याला ५४० जी.बी. लागतात. घरगुती फायबर योजनांत हे सहज बसते.

येथे कन्सोलच्या बाजूचीही एक अडचण नोंदविली पाहिजे. आजचे मोठे खेळ १०० जी.बी.च्या घरात गेले आहेत. डिस्क नसलेल्या कन्सोलवर ते उतरवूनच घ्यावे लागतात. १० एम.बी.पी.एस. गतीने त्यास बावीस तासांहून अधिक वेळ लागतो. मात्र एकदा उतरविल्यावर एकट्याने खेळावयाच्या बहुतेक खेळांना पुन्हा तितका डेटा लागत नाही. २० एम.बी.पी.एस. गतीने क्लाउडवर सुमारे अकरा तास खेळले की १०० जी.बी. संपतात. म्हणजे अकरा तासांहून अधिक काळ खेळावयाचा खेळ उतरवून घेणे डेटाच्या दृष्टीने स्वस्त पडते, आणि केवळ चाखून पाहावयाचा खेळ क्लाउडवर स्वस्त पडतो. ही मर्यादारेषा लक्षात ठेवण्याजोगी आहे.

खर्चाची तुलना :

प्लेस्टेशन ५ हे यंत्र भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांस आले. २०२५-२६ या हंगामासाठी सोयाबीनचा किमान आधारभूत भाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. पन्नास हजार रुपये म्हणजे सुमारे साडेनऊ क्विंटल सोयाबीन. कोरडवाहू शेतकरी कुटुंबाने ही रक्कम मुलाच्या खेळण्यावर खर्च करावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. शिवाय एकेका नव्या खेळाची किंमत पाच हजारांच्या आसपास असते.

याउलट, ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार मायक्रोसॉफ्टच्या गेम पास योजनेचा मधला स्तर महिना ६९९ रुपये आणि सर्वोच्च स्तर महिना १,३८९ रुपये होता. मधल्या स्तराचे वर्षाला ८,३८८ रुपये होतात, म्हणजे सहा वर्षांत सुमारे पन्नास हजार. सर्वोच्च स्तराचे वर्षाला १६,६६८ रुपये होतात, म्हणजे तीनच वर्षांत तेवढीच रक्कम. त्या रकमेत खेळही मिळतात, हे क्लाउडच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु ती रक्कम भरून झाल्यावर हाती काही शिल्लक राहत नाही, हेही सांगितले पाहिजे. कन्सोल सहा वर्षांनी विकता येतो, धाकट्या भावाला देता येतो. वर्गणी थांबली की खेळ थांबतो.

एक मुद्दा मात्र क्लाउडच्या बाजूने निर्विवाद आहे. ज्याला दोनच महिने खेळावयाचे आहे, उदाहरणार्थ उन्हाळी सुट्टीत, त्यास सुमारे चौदाशे रुपयांत ते शक्य होते. पन्नास हजारांचा निर्णय चौदाशेच्या निर्णयात रूपांतरित होणे, ही छोट्या उत्पन्नाच्या घरासाठी लहान गोष्ट नाही.

वीजपुरवठ्याचाही विचार येथे करणे प्राप्त आहे. मराठवाड्याने भारनियमनाचे दीर्घ दिवस अनुभवले आहेत आणि आजही वीज अधूनमधून जाते. खेळ चालू असताना मोठा कन्सोल सुमारे २०० वॉट वीज घेतो आणि दूरदर्शन संच निराळी. घरगुती इन्व्हर्टरवर हा भार जड पडतो. फोन आणि राउटर मात्र थोडक्या विजेवर चालतात. अर्थात क्लाउडवर विजेची बचत होते असे नव्हे; तो खर्च डेटा सेंटरकडे सरकतो. आणि वीज गेल्यावर गावचा टॉवरही बंद पडला, तर हा लाभ तेथेच संपतो.

मालकीहक्काचा प्रश्न :

ग्रंथालयातील पुस्तक प्रकाशक बंद पडला तरी कपाटात राहते. जुन्या कन्सोलची डिस्कही तशीच होती. ती उसनी देता येई, विकता येई, वीस वर्षांनी पुन्हा लावता येई. डिजिटल विक्रीने हा हक्क आधीच क्षीण केला आहे. युबीसॉफ्टने 'द क्रू' या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा डिस्क विकत घेतलेल्यांचाही खेळ चालेनासा झाला. अशा व्यवहारास 'खरेदी' म्हणू नये, तो केवळ परवाना आहे हे ग्राहकास स्पष्ट सांगावे, असा कायदा कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये केला. क्लाउडमध्ये तर डिस्कही नाही आणि उतरविलेली प्रतही नाही. जी गोष्ट कधी आपल्या घरी आलीच नाही, तिचे जतन करता येत नाही.

अध्यापकांच्या दृष्टीने याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. खेळनिर्मिती शिकणारा विद्यार्थी खेळ उघडून पाहतो, त्यातील चित्रे व नियम बदलून पाहतो, त्यात स्वतःची भर घालतो. अनेक नामवंत निर्मात्यांचे शिक्षण असेच झाले. क्लाउडवरील खेळ काचेच्या पेटीतील वस्तूसारखा असतो. तो पाहता येतो, पण उकलता येत नाही. मराठवाड्यातील विद्यार्थी केवळ ग्राहक राहावा की निर्माता व्हावा, या प्रश्नाशी हा मुद्दा थेट निगडित आहे.

ऑनलाईन खेळांविषयी ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने केलेल्या कायद्याचाही उल्लेख येथे आवश्यक आहे. त्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घातली असून ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ यांना मान्यता दिली आहे. क्लाउड सेवेची वर्गणी ही खेळ उपलब्ध होण्यासाठी दिलेली रक्कम असते, ती पणाला लावलेली रक्कम नसते. पालकांशी बोलताना हा भेद समजावून सांगणे हितावह ठरेल, कारण 'ऑनलाईन गेम' या एकाच नावाखाली जुगार आणि खेळ यांची सरमिसळ झालेली आहे.

निष्कर्ष :

१. उत्तम व स्थिर फायबर जोडणी असल्यास क्लाउड गेमिंग बहुतेक खेळप्रकारांसाठी कन्सोलला तांत्रिकदृष्ट्या पुरेसा पर्याय आहे. अतिजलद स्पर्धात्मक खेळांसाठी तो पर्याय नाही.

२. परभणी जिल्ह्याच्या बाबतीत महानगरांपासूनचे अंतर हा अडथळा नाही. शेवटच्या टप्प्यातील जोडणीची अस्थिरता आणि मोबाईल डेटाची दैनिक मर्यादा हे अडथळे आहेत. ते धोरणाने व गुंतवणुकीने दूर होण्याजोगे आहेत.

३. फायबर पोहोचलेल्या शहरी घरांत क्लाउड ही कन्सोलच्या जोडीला येणारी सेवा ठरेल. जेथे कन्सोल कधीच नव्हता, तेथे ती उच्च दर्जाच्या खेळांकडे जाणारी पहिली वाट ठरू शकते. जेथे केवळ मोबाईल पॅक आहे, तेथे फोनमध्येच चालणारे खेळ हेच वास्तव राहील.

४. मालकी, उसनवारी, जतन आणि उकलून पाहण्याचे स्वातंत्र्य या चार गोष्टी क्लाउडमध्ये हरवतात. दीर्घकाळ वर्गणी भरल्यास तो स्वस्तही राहत नाही.

शिफारशी :

महाविद्यालयांनी संगणक प्रयोगशाळेसाठी क्लाउडवर आधारित कोणतीही सेवा घेण्यापूर्वी केवळ जोडणीची गती पाहू नये. सकाळी दहा, दुपारी दोन व रात्री नऊ या वेळी विलंब, त्यातील चढउतार आणि पॅकेटची गळती यांची किमान आठवडाभर नोंद ठेवावी. ही मोजणी संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांकडून प्रकल्प म्हणून करवून घेता येईल. तीत शक्य तेथे वाय-फायऐवजी तारेची जोडणी वापरावी. नऊही तालुक्यांतील महाविद्यालयांनी अशा नोंदी एकत्र केल्यास जिल्ह्यातील प्रत्यक्ष जोडणीचे चित्र प्रथमच हाती येईल. खेळनिर्मितीचा अभ्यासक्रम सुरू करणाऱ्या संस्थांनी क्लाउड सेवेबरोबरच मुक्तस्रोत साधने व निदान काही यंत्रे स्वतःच्या मालकीची ठेवावीत. क्लाउडवर विद्यार्थी जगातील उत्तम खेळ पाहील. ते घडविण्याचे शिक्षण मात्र त्याला हाताशी असलेल्या यंत्रावरच मिळेल.